नंदुरबारच्या बाळंतिणीला लागणारा कर

प्रसूती रजेतला पगार आयकराच्या लेखी पगारच असतो, त्यावर कर लागतो. तो माफ व्हावा असे आपल्या नोकरदार भगिनींना वाटले तर वावगे नाही. पण २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पगारदारांना १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर द्यावा लागत नाही, म्हणजे हा प्रश्न मोजक्या जणींचा उरला. धडगाव-अक्कलकुव्याच्या मजूर बाईला तर कराचा प्रश्नच येत नाही, कारण रजेचा पगारच नाही.

१९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. दिवाळीनंतर उचल घेऊन नवऱ्यासोबत गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या बाईच्या पदरात त्यातले काही पडत नाही. तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे: पहिल्या बाळाला ५ हजार, दुसरी मुलगी झाली तरच ६ हजार. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तर गरोदर मातेला किमान ६ हजारांचा हक्क दिला होता. योजनेने पहिल्याच बाळंतपणात हजार कापले; ते जननी सुरक्षा योजनेतून भरून निघतात, हा सरकारचा हिशेब. आम्ही याला कर म्हणतो. पावती न देता आधीच कापलेला.

उरले ५ हजार. रोजगार हमीच्या २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने ती १६ दिवसांची मजुरी झाली. सोळाव्या दिवशी ओल्या बाळंतिणीने पुन्हा कोयता धरायचा का?

त्यात दुसरा हप्ता बाळाची जन्मनोंद आणि लसींची पहिली फेरी झाल्यावर. बाळ जन्मले गुजरातेत, उसाच्या फडावर. आईची अंगणवाडी, बँक खाते इकडे सातपुड्यात.

जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून तिचा मोठा भार सरकारने उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली कायदा झाला. जयंतीच्या भाषणांत आपण प्रसूती रजेचे श्रेय बाबासाहेबांना देतो, ते योग्यच. पण त्या रजेबाहेर राहिलेल्या भिल्ल, पावरा बाया आपल्या भाषणात येत नाहीत.

शहादा, तळोदा, नंदुरबारच्या तरुणांनी यंदा दिवाळीआधी, टोळ्या निघायच्या आत, आशाताईंसोबत पाड्यांवर बसावे. नोंदणी आणि एक तपासणी झाली की ३ हजारांच्या पहिल्या हप्त्याचा अर्ज करता येतो. बाई गाडीत चढण्यापूर्वी तो गेला पाहिजे. आणि कापलेल्या हजाराचा जाब ग्रामसभेत ठराव करून मागावा.