जुने कर्ज, नवे फोन आणि वाढलेला रक्तदाब

रक्तदाब का वाढतो असे विचारले, तर या पाक्षिकाचे नियमित वाचक मीठ, वजन, तंबाखू, अपुरी झोप आणि चुकलेली गोळी अशी यादी न अडखळता सांगतील. गेल्या काही वर्षांत ज्येष्ठ रुग्णांच्या बाबतीत या यादीला आणखी एक कारण जोडण्याची वेळ माझ्यावर आली आहे. ते म्हणजे दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या, विस्मरणात गेलेल्या कर्जासाठी अचानक सुरू झालेले वसुलीचे फोन.

माझ्याकडे येणाऱ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका निवृत्त गृहस्थांचा रक्तदाब कित्येक वर्षे आटोक्यात होता. अलीकडे सलग दोन भेटींत वरचा आकडा १८० च्या पुढे गेला. झोप उडाली होती, फोन वाजला की ते दचकत. बऱ्याच चौकशीनंतर उलगडा झाला. २००९ साली त्यांच्या क्रेडिट कार्डावर काही हजारांची बाकी राहिली होती. ती बाकी विकत घेतलेल्या कंपनीचा माणूस आता व्याजासह लाखाच्या वर मागत होता. ‘आज निदान पाचशे रुपये भरा आणि हप्त्यांच्या कागदावर सही करा, नाहीतर घरी पोलीस येतील,’ असे तो सांगे. गृहस्थांनी मुलाला याचा पत्ता लागू दिला नव्हता. पैसे साठवण्यासाठी ते रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेत होते. अशा वेळी गोळीची मात्रा वाढवून प्रश्न सुटत नाही. आधी भीतीचे मूळ पाहावे लागते.

मी वैद्य आहे, वकील नाही. परंतु या विषयातील काही ढोबळ गोष्टी प्रत्येक घराला ठाऊक असाव्यात, म्हणून एका ज्येष्ठ वकील स्नेह्यांकडून नीट समजावून घेऊन त्या येथे मांडतो.

मुदत म्हणजे काय?

आपल्या देशात १९६३ चा मुदत कायदा आहे. तारण नसलेल्या साध्या कर्जाच्या वसुलीसाठी दिवाणी दावा लावण्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असते. ती उलटून गेल्यावर दावा दाखल झाला, तर प्रतिवादीने मुद्दा काढला नाही तरी न्यायालयाने तो फेटाळला पाहिजे, असे हा कायदा सांगतो. कर्ज दुसऱ्या कंपनीला विकले गेले, म्हणून ही मुदत नव्याने सुरू होत नाही.

मात्र येथे एक भेद लक्षात ठेवावा. मुदत संपल्याने दाव्याचा मार्ग बंद होतो, देणे पुसले जात नाही. म्हणून धनको विनंती करू शकतो आणि आपण स्वखुशीने भरलेली रक्कम ‘मुदत संपली होती’ या कारणाने परत मागता येत नाही. जुने देणे असलेल्या बँकेतच आपली ठेव असेल, तर ही बाबही वकिलाच्या कानावर घालावी.

सर्व कर्जांना तीन वर्षांचा नियम लागू होत नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. घर वा जमीन गहाण असेल, तर त्या तारणावरून पैसे वसूल करण्याची मुदत बारा वर्षांची असते. न्यायालयाचा हुकूमनामा पूर्वीच झालेला असेल, तर त्याच्या अंमलबजावणीसाठीही दरखास्त देण्यास साधारणपणे बारा वर्षे मिळतात. सहकारी पतसंस्थेच्या सभासदाकडील थकबाकीची मुदत तर सभासदत्व संपल्यापासून किंवा सभासदाच्या मृत्यूपासून मोजली जाते. आपण कोणाला जामीन राहिला असाल, तर जामीनपत्रातील शब्दांवर बरेच अवलंबून असते. म्हणून स्वतःच निष्कर्ष न काढता कागद जाणकाराला दाखवावेत.

एका सहीची किंमत

मुदत शिल्लक असताना आपण देणे लेखी मान्य करून सही केली, तर तेथून मुदत पुन्हा मोजली जाते. मुदत संपल्यानंतर ‘हे जुने देणे मी फेडीन’ असे लिहून सही केली, तर १८७२ च्या करार कायद्यानुसार तो नवा, बंधनकारक करार होतो. म्हणजे जे कर्ज न्यायालयात उभे राहू शकत नव्हते, त्याला आपणच पुन्हा उभे केले, असे होते. नवा धनादेशही असे वचन ठरू शकतो, आणि तो न वटल्यास फौजदारी तक्रारीचा ससेमिरा मागे लागू शकतो. म्हणूनच ‘फक्त पाचशे रुपये आणि एक सही’ या मागणीकडे सावधपणे पाहावे. दारात उभ्या असलेल्या माणसासमोर, चष्मा शोधत, घाईने कोणत्याही कागदावर सही करू नये.

फोन आला तर

शांतपणे एवढेच म्हणावे : ‘आपले नाव, संस्थेचे नाव, बँकेने दिलेले अधिकारपत्र आणि खात्याचा पूर्ण तपशील लेखी पाठवा. मी फोनवर काही मान्य करीत नाही.’ मग फोन ठेवून द्यावा. वहीत तारीख, वेळ, क्रमांक आणि बोलणे लिहून ठेवावे. खाते क्रमांक, आधार क्रमांक, ओटीपी सांगू नये, कारण बोलणारा वसुली प्रतिनिधी नसून भामटाही असू शकतो. फसवणुकीने पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बँका व वित्तसंस्थांना स्पष्ट बजावले आहे की, थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर फोन करू नयेत, धमकी वा शिवीगाळ करू नये, चारचौघांत अपमान करू नये आणि कुटुंबीय व स्नेह्यांच्या खासगी आयुष्यात शिरू नये. प्रतिनिधीच्या वागणुकीची जबाबदारी त्याला नेमणाऱ्या संस्थेवर असते. प्रथम त्या संस्थेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते.

कर्ज फेडता न येणे एवढ्यावरून पोलीस अटक करीत नाहीत. ती दिवाणी बाब आहे. सरकारी निवृत्तिवेतनावर अशा कर्जासाठी जप्ती आणता येत नाही. वडिलांच्या वा पतीच्या मागे राहिलेले कर्ज वारसाने स्वतःच्या कमाईतून फेडण्याची सक्ती नसते. वारशात जेवढी मालमत्ता मिळाली, तेवढ्यापुरतीच जबाबदारी येते. अर्थात वारस स्वतः सहकर्जदार वा जामीनदार असेल, तर गोष्ट वेगळी.

न्यायालयाचे समन्स आले, तर मात्र ते कपाटात टाकून ठेवू नये. कर्ज कितीही जुने असले तरी हजर राहून मुदतीचा मुद्दा मांडावा. वकिलाचा खर्च परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करावी. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळते.

वर उल्लेखिलेल्या गृहस्थांच्या मुलाने वकिलामार्फत एक पत्र पाठविले : हे देणे मान्य नाही, ते मुदतबाह्य आहे, यापुढे लेखीच कळवावे. फोन थांबले. गोळी रोज सुरू झाल्यावर रक्तदाबही उतरला, मात्रा वाढवावी लागली नाही.

काळजीवाहकांनी काय पाहावे?

आपल्या मागच्या पिढीला देणे डोक्यावर असणे ही लाज वाटते, म्हणून ती बोलत नाही. पुढील खुणा दिसल्या, तर प्रेमाने विचारावे :

• फोन वाजताच घाबरणे, दुसऱ्या खोलीत जाऊन बोलणे
• औषधे, फळे, दूध यांत अचानक काटकसर; गोळ्यांची पाकिटे वेळेत न संपणे
• झोप व भूक कमी होणे, टपाल लपवणे
• ‘माझ्यामुळे तुम्हाला त्रास’ अशी भाषा

‘आम्हाला आधी का नाही सांगितलेत?’ असे रागावून विचारल्यास पुढच्या वेळीही ते सांगणार नाहीत. स्मरणशक्ती उणावलेल्या व्यक्तीच्या बाबतीत, तिच्या संमतीने, अनोळखी फोन घरातील एकाच व्यक्तीने घ्यावेत असे ठरवावे.

आता थोडे आरोग्याविषयी. ताणाच्या फोननंतर लगेच रक्तदाब मोजू नये. पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, मग मोजावा. एका वाढलेल्या आकड्यावरून गोळी स्वतः वाढवू नये. झोपेची गोळी शेजाऱ्याकडून घेऊ नये. उतारवयात तिने तोल जाऊन पडण्याचा आणि गोंधळ उडण्याचा धोका असतो. छातीत दुखणे, दम लागणे, दरदरून घाम येणे याला ‘टेन्शन’ म्हणून बाजूला सारू नये. विशेषतः मधुमेहींमध्ये हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जगणे नकोसे झाल्याची भाषा ऐकू आली, तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर अहोरात्र मोफत बोलता येते.

शेवटी, घेतलेले पैसे परत करावेत ही भावना चांगलीच आहे. आपली ऐपत असेल आणि मनापासून फेडावेसे वाटत असेल, तर जरूर फेडावे. मात्र ते भीतीपोटी किंवा औषधांच्या पैशांतून नसावे. आधी घरच्यांशी बोलावे, रक्कम व तडजोड लेखी ठरवावी, पैसे बँकेमार्फतच द्यावेत आणि थकबाकी नसल्याचा दाखला घेऊन तो जपून ठेवावा. असा एखादा फोन आपल्याला येत असेल, तर आज संध्याकाळीच घरातल्या कोणाला तरी सांगा, आणि पुढच्या तपासणीला याल तेव्हा आपल्या डॉक्टरांनाही.