घरचंच तर आहे!

सल्ला केंद्रात आलेल्या बाईला मी आधी विचारते, “काही लिहिलेलं आहे का? पत्र, वही, मोबाइलवरचा निरोप?” बहुतेकींचं उत्तर ठरलेलं, “होतं ताई, पण टाकून दिलं. त्यात काय, घरचंच तर होतं!”

मैत्रिणींनो, या ‘घरचंच’ शब्दाखाली बायकांचा इतिहास गाडला जातो.

आयरिश लेखिका मारिया एजवर्थचं (1768–1849) उदाहरण घ्या. वडिलांची चार लग्नं, बावीस मुलं. भावंडांना शिकवायचं, वडिलांच्या जमिनीचे हिशेब बघायचे आणि उरल्या वेळात लिहायचं. बायकांनी पुस्तकं छापणं वडिलांच्या मित्राला, थॉमस डे यांना, पसंत नव्हतं. डे 1789 मध्ये वारले. 1795 मध्ये स्त्रीशिक्षणाची बाजू मांडणारं तिचं पुस्तक आलं. 1800 मध्ये ‘कासल रॅकरेंट’ ही कादंबरी आली, तीही लेखिकेच्या नावाशिवाय!

आत्याला, बहिणींना, सावत्र आईला तिने आयुष्यभर पत्रं लिहिली. 1798 च्या बंडात घर सोडून पळावं लागलं ते, 1802 मध्ये पॅरिसला आलेली मागणी नाकारली ते, खंडाचे हिशेब, दुष्काळातली मदत, सगळं त्यांत आहे. ही पत्रं जपली कोणी? घरातल्याच माणसांनी. तिच्याहून वर्षाने लहान असलेल्या सावत्र आईने, फ्रान्सिसने, निवडक पत्रांसह तिचं चरित्र लिहिलं. 1867 मध्ये ते छापलं गेलं, पण खाजगी वाटपापुरतं. मूळ कागद टिकले म्हणूनच 1972 मध्ये मॅरिलिन बटलर यांना नवं चरित्र लिहिता आलं आणि ‘तिच्या लेखनामागे सगळा बापाचाच हात’ ही समजूत तपासता आली. आज त्यातले बरेच कागद डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.

यातून मी दोन गोष्टी शिकले. पहिली, जो निवडतो तो इतिहास ठरवतो. काय दाखवायचं आणि काय झाकायचं हे कुटुंबाची अब्रू ठरवणार असेल, तर बाईचा राग, तिचं दुखणं, तिचा नकार आधी गळणार. दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. एजवर्थ जमीनदार होते, त्यांच्याकडे कागद ठेवायला मोठं घर होतं. 1845 नंतरच्या दुष्काळात त्याच मुलखात उपाशी मेलेल्या कुळांच्या बायकांची पत्रं कुठे आहेत? त्यांच्या हाती लेखणीच नव्हती. तेव्हा वाड्यातल्या बाईची पेटी उघडली म्हणजे स्त्रियांचा इतिहास मिळाला, असं समजू नका.

आपण काय करायचं? प्रत्येक गटाने एक पेटी ठेवावी. पत्रं, बचतगटाच्या वह्या, रेशनकार्डाच्या मागे केलेले हिशेब, सगळं त्यात जाऊ द्या. लिहिता न येणाऱ्या बाईचं बोलणं तिच्याच शब्दांत उतरवून घ्या. आणि कुठला कागद कोणी, कधी वाचायचा, हे तिला ठरवू द्या. नवऱ्याला नाही, मुलालाही नाही, आणि आपल्यालाही नाही.

सुनेचं माहेरी आलेलं पत्र कोर्टात पुरावा ठरलेलं आपण पाहिलं आहे. पण त्यासाठी तिने मरावं लागावं का?