नवं तट्टू, जुना माज

घोड्यांच्या बाजारात ‘गरीब’ या शब्दाचा पैशांशी काही संबंध नसतो. “एकदम गरीब आहे साहेब, लहान पोरगं बसवा,” असं विकणारा सांगतो आणि बऱ्याचदा ते खरंही असतं... माणसांपुरतं! दुसऱ्या घोड्यांशी तो कसा वागतो, हे विचारायचं आपल्याला सुचतच नाही. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची जत्रा भरते, तिथे घोडे बघायला जा. सगळे बांधलेले किंवा मालकाच्या हातात. मोकळा सोडल्यावर गडी काय रंग दाखवतो, ते तिथे कळणार कसं?

हा विषय काढायचं कारण म्हणजे वीकेण्ड रायडिंगची पुढची पायरी. आधी महिन्याचे क्लासेस, मग स्वतःचे बूट, मग स्वतःचं हेल्मेट आणि एखाद्या बोनसनंतर चौघांनी मिळून घेतलेला स्वतःचा घोडा. माझ्या एका मैत्रिणीच्या ग्रुपने असंच एक भीमथडी तट्टू घेतलं. सात वर्षांचं, बुटकं, काटक, दिसायला जाम गोड. भीमथडी म्हणजे भीमेच्या खोऱ्यातली, मराठ्यांच्या घोडदळात गाजलेली जात. तट्टू खच्ची केलेलं होतं. (ऑफिसात बॉस आपलं ‘खच्चीकरण’ करतो ना, तोच शब्द. फक्त इथे शब्दशः!) पुण्याबाहेरच्या तबेल्यात आधीच दोन घोड्या आणि एक म्हातारा गेल्डिंग होता. शनिवारी सकाळी मंडळींनी कौतुकाने तट्टाला थेट त्यांच्यात सोडलं. सगळ्यांचे मोबाइल व्हिडिओसाठी तयार!

दहा मिनिटांत व्हिडिओ बंद. तट्टाने मान जमिनीलगत झुकवली, कान मागे चिकटवले आणि दोन्ही घोड्यांना हाकत कोपऱ्यात नेलं. मग म्हाताऱ्याकडे वळून त्याच्या मानेला चावा. तो बिचारा कुंपणाला धडकला आणि पुढच्या पायाला खरचटून बसला. “फसवलं आपल्याला, हा खच्ची नाहीच,” असं एकाने जाहीर केलं. मोतद्दार मामांनी मात्र शांतपणे सांगितलं, “ताई, ऑपरेशन झालं असंल, पण ह्याला ते कुणी सांगितलेलं नाही.”

मामांचं म्हणणं विनोदी वाटेल, पण शास्त्र त्यांच्याच बाजूने आहे. घोड्यांना हाकणं, इतर नरांवर धावून जाणं, दुसऱ्याच्या लिदीवर स्वतःची लीद टाकणं, घोडीच्या मुताचा वास घेऊन वरचा ओठ उलटा दुमडणं, हे सगळं वळू घोड्याचं वागणं. पण ते फक्त अंडकोषांत नसतं, थोडं मेंदूतही असतं. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी 1985 साली छापलेल्या पाहणीत, लहानपणीच खच्ची केलेल्या घोड्यांपैकीही 20 ते 30 टक्के घोड्यांमध्ये घोड्यांशी असं वागणं दिसलं होतं. म्हणजे तुमच्या वाट्याला असा एक येणं ही काही लॉटरी नाही.

तरीही ‘सवय आहे, जाईल’ म्हणून सोडून देऊ नका. आधी डॉक्टरला बोलवा. खरी शक्यता दोन-तीनच असतात. एक म्हणजे ऑपरेशन अगदी ताजं असतं. हार्मोन लवकर उतरतं, वागणं निवळायला मात्र कधी काही महिने लागतात आणि किमान महिना-दीड महिना घोड्यांपासून लांब ठेवावं लागतं, नाहीतर पुढच्या वर्षी शिंगरू! दुसरी म्हणजे एक अंडकोष खाली उतरलेलाच नसतो, पोटात किंवा जांघेत राहिलेला असतो. बाहेरून बघून वाटतं की घोडा खच्ची आहे, पण आत कारखाना चालू. हे रक्ताच्या तपासणीत कळतं. टेस्टोस्टेरॉन एकदा मोजून नेहमी भागत नाही, म्हणून एचसीजीचं इंजेक्शन देऊन आधीची आणि नंतरची पातळी बघतात. एएमएच नावाची टेस्टही असते. (हो, तीच! फर्टिलिटी क्लिनिकमध्ये सांगतात ती.) अंडकोष सापडला तर पुन्हा ऑपरेशन, दुसरा इलाज नाही.

नाही सापडला तर उरते ती सवय. उशिरा खच्ची केलेला, घोड्यांवर चढून झालेला गडी असेल तर ती जास्त पक्की असू शकते. तबेल्यात एक थिअरी हमखास ऐकवतात, की कापताना ‘थोडं राहून गेलं’, म्हणजे अंडकोषाला चिकटलेली नळी राहिली, म्हणून हा माज. साफ चूक. ती नळी हार्मोन बनवतच नाही. या थिअरीमुळे कित्येक चांगल्या डॉक्टरांना फुकट शिव्या बसतात.

आमच्या तट्टाची टेस्ट स्वच्छ आली. म्हणजे प्रश्न ओळख करून देण्याचा होता आणि तिथे घाई चालत नाही.

खरं तर नवा घोडा पहिले दोन-तीन आठवडे वेगळाच ठेवायचा असतो. वेगळी बादली, वेगळा खरारा. स्ट्रँगल्ससारखा घशात गाठी आणणारा आजार असाच नव्या घोड्याबरोबर येतो. ग्लँडर्स तर माणसालाही होऊ शकतो आणि तो 2006 मध्ये पाचगणी-पुण्याकडच्या घोड्यांत सापडला होता. तेव्हा ‘आमच्याकडे असलं काही नसतं’ म्हणू नका. हेच आठवडे ओळखीलाही कामी येतात, कारण लांबून का होईना, घोडे एकमेकांना बघत असतात, ऐकत असतात.

मग शेजारचं आवार. मध्ये दोन कुंपणं, त्यांच्यात चार-पाच हात जागा. एकाच कुंपणावरून नाकाला नाक लावलं की किंचाळी आणि लगेच पुढच्या पायाचा फटका येतो, तो पाय कुंपणात अडकला की संपलं. आणि काटेरी तार असेल तर आधी ती काढा, घोडा नंतर आणा. एवढं एकच ऐकलंत तरी पुष्कळ!

प्रत्यक्ष भेटीत सगळ्यांत आधी एकच साथीदार द्यायचा. शांत, अनुभवी, शक्यतो गेल्डिंग. दोघांना लांब दोरीवर, मध्ये भरपूर अंतर ठेवून, बाजूबाजूने फिरवायचं. दोन-चार दिवस तेच. मग नालबंदाला बोलवून मागच्या नाला काढायच्या, कारण उघड्या खुराची लाथ आणि लोखंडाची लाथ यात फार फरक असतो. मग मोठं आवार, जिथे अडकायला अरुंद कोपरे नाहीत. गवताचे ढीग घोड्यांपेक्षा एक-दोन जास्त आणि लांब लांब, पाणी दोन ठिकाणी. पहिल्या दिवशी अर्धा तास पुरे.

किंचाळणं, कान पाडणं, एखादी हवेतली लाथ चालतं. ती त्यांची बोलाचाली आहे, ती तोडायला धावू नका. पण कोपऱ्यात कोंडणं, न थांबता पाठलाग, दुसऱ्याला पाण्यापाशी येऊच न देणं दिसलं की थांबवायचं. मध्ये पडून नव्हे! फाटक उघडा, खाण्याची बादली वाजवा, एकाला बाहेर काढा. चाबूक तर नकोच. त्याला मार बसला तो नेमका दुसरा घोडा समोर असताना, मग पुढच्या वेळी तो घोडा दिसला की याचं डोकं आधीच फिरलेलं.

घोड्या सगळ्यांत शेवटी. घोडी साधारण दर 21 दिवसांनी माजावर येते आणि पाच ते सात दिवस राहते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवा, त्या दिवसांत नवी ओळख नको. एवढं करूनही काही गडी घोड्यांबरोबर कधीच शांत राहत नाहीत. मग त्यांना गेल्डिंगच्याच जोडीला ठेवायचं. यात हरण्यासारखं काय आहे? तट्टाला सोबत मिळाली, घोड्यांना कोपऱ्यातून सुटका. मैत्रिणीच्या ग्रुपमध्ये मात्र यावरून भांडण झालंच. दोघांना तट्टू विकायचं होतं, दोघींना ठेवायचं होतं. सध्या ते म्हाताऱ्याबरोबर चरतंय आणि घोड्या दोन कुंपणांपलीकडे आहेत. विकायचं ठरलंच तर रक्ताचा रिपोर्ट आणि पहिल्या शनिवारचा तो व्हिडिओ घेणाऱ्याला दाखवायचा, यावर चौघांचं एकमत आहे.

या वीकेण्डला तुमच्या क्लबात असा नवा भिडू आला असेल, तर रायडिंगला त्याच्यापासून निदान दोन घोड्यांचं अंतर ठेवा. माजावर आलेली घोडी त्याच्या पुढे नेऊ नका. उतरल्यावर दोन घोड्यांच्या मध्ये उभं राहून गप्पा मारू नका, लगामाची दोरी हाताला गुंडाळू नका. आणि मोबाइल गाडीतच ठेवा, दोन्ही हात लागतील.