वय अधिक शंभर: एक घातक हिशेब

घरातल्या वडीलधाऱ्यांचं बीपी १७० भरलं, तरी ‘वयाच्या मानाने ठीक आहे’ असं म्हणून विषय मिटवला जातो. वयात शंभर मिळवावेत, तेवढा वरचा आकडा चालतो, हा हिशेब अजूनही अनेकजण प्रमाण मानतात. त्यामागचा युक्तिवाद असा: वयोमानाने रक्तवाहिन्या ताठर होतात, रक्त पुढे ढकलायला जास्त दाब लागतो, म्हणजे वाढलेला दाब ही शरीराचीच सोय. रक्तवाहिन्या ताठर होतात हे खरं; निष्कर्ष मात्र साफ चुकीचा. मोतीबिंदूही वयाबरोबरच येतो, म्हणून तो कोणी अंगावर काढत नाही.

या समजुतीची किंमत इतिहासात नोंदलेली आहे. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होता, तरी वयाच्या मानाने त्यांची प्रकृती चांगली असल्याचंच जनतेला सांगितलं गेलं. १२ एप्रिल १९४५ रोजी, वयाच्या ६३व्या वर्षी, मेंदूतल्या रक्तस्रावाने ते गेले. शेवटच्या तासांत वरचा आकडा ३०० वर पोचला होता. त्या काळी डॉक्टरांच्या हाती परिणामकारक औषधच नव्हतं. आज ती सबब उरलेली नाही.

पुरावाही आता भक्कम आहे. ६१ अभ्यासांतल्या सुमारे दहा लाख लोकांच्या माहितीचं विश्लेषण २००२ मध्ये ‘द लॅन्सेट’ने छापलं. चाळीस ते एकोणसत्तर या वयात वरचा आकडा २० ने वाढला, की पक्षाघाताने मरण्याचा धोका दुपटीहून अधिक होतो आणि हृदयविकाराने मरण्याचा दुप्पट. आणि ही चढण ११५ पासूनच सुरू होते. ऐंशीच्या घरात ही पट कमी होते, हे खरं. पण त्या वयात मुळातच मृत्यू जास्त असल्याने, वाढलेल्या दाबापायी जाणारे प्रत्यक्ष जीव तिथेच अधिक असतात.

यावर आक्षेप येतो की, म्हातारपणी दाब उतरवला तर मेंदूला रक्त कमी पडेल. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हायव्हेट’ चाचणीत नेमकं हेच तपासलं गेलं. ऐंशी वा अधिक वयाच्या, वरचा आकडा १६० किंवा जास्त असलेल्या ३,८४५ जणांपैकी निम्म्यांना औषध दिलं, बाकीच्यांना बिनऔषधी गोळी. औषध घेणाऱ्यांत कोणत्याही कारणाने होणारे मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले, आणि हा फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. उभं राहताना चक्कर येण्याची भीती मात्र रास्त आहे. म्हणूनच डोस हळूहळू वाढवायचा आणि दाब उभं राहूनही मोजायचा. उपचार टाळण्याचं ते कारण होऊ शकत नाही.

‘मला काही त्रास नाही’ हा दुसरा आक्षेप. रक्तदाब बहुधा त्रास देतच नाही. रक्तवाहिन्यांचं नुकसान मात्र मुकाट्याने चालू राहतं. ‘गोळी एकदा लागली की सुटत नाही’ हा तिसरा. तिचं व्यसन लागत नाही. आकडा ताब्यात असतो तो बहुतेकदा गोळीमुळेच, म्हणून ती परस्पर बंद केली की तो पुन्हा चढतो. मीठ, तंबाखू आणि वजन कमी करणं गरजेचंच आहे, पण मोजमापाशिवाय त्यांचा उपयोग कळणार कसा? पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून, उघड्या दंडावर पट्टा हृदयाच्या पातळीत बांधून दाब मोजावा. जो आकडा येईल, त्याला वयाची सवलत देऊ नये आणि तो घेऊन डॉक्टरांकडे जावं. साठी-सत्तरी गाठलेल्यांना या उपचाराची गरज तरुणांपेक्षा कमी नाही, उलट जास्त आहे.