थकलेली अधिछात्रवृत्ती

विद्यापीठ अनुदान आयोगाने 1 जानेवारी 2023 पासून कनिष्ठ संशोधकाची अधिछात्रवृत्ती 31 हजारांवरून 37 हजार आणि वरिष्ठाची 42 हजार रुपये केली. वाढ रास्तच होती. पण आकडा कागदावर वाढतो आणि पैसे खात्यात वेळेवर येत नाहीत, हे दुखणे जुने आहे. पुण्यातील बार्टी, सारथी आणि नागपूरच्या महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या संशोधकांना तर हक्काच्या रकमेसाठी वारंवार आंदोलने करावी लागली. प्रयोगशाळेत असायला हवीत ती मुले आझाद मैदानावर बसतात, याची लाज शासनाला वाटली पाहिजे.

हप्ता अडतो कुठे? प्रगती अहवालावर मार्गदर्शकाची सही, विभागप्रमुखाचा शिक्का, घरभाड्याचा दाखला, मग आवक-जावक. एखादा कागद टेबलावर राहिला की महिने उलटतात. तोवर खानावळवाला वही पुढे करतो, गावाकडून बाप शेतीच्या खर्चातले चार पैसे काढून पाठवतो. घरातली पहिली पदवीधर असलेली मुलगी अशा वेळी संशोधन सोडून तासिका तत्त्वावर शिकवायला जाते. तिचा अर्धवट प्रबंध कोणाच्याच हिशेबात धरला जात नाही.

पीएचडीनंतरच्या संशोधकांची स्थिती याहून बिकट. प्रकल्प संपला की मानधन बंद.

शासनाने दरमहा ठरलेल्या तारखेला रक्कम खात्यात जमा करावी आणि कागदांची तपासणी मागाहून करावी. नोकरदारांचा पगार असाच होतो.