वार लावून जेवणारी मुलं आणि आजची पोरकी मुलं



आपल्या या समूहावर जुन्या बडोद्याच्या आठवणी निघाल्या की दांडिया बाजार येतो, रावपुरा येतो, वाड्यातले ओटे येतात, आणि हमखास येतात ती वारावर जेवणारी मुलं. "आमच्याकडे दर मंगळवारी एक मुलगा यायचा, पुढे मोठा इंजिनियर झाला," असं कुणी लिहिलं की खाली नमस्कारांची रांग लागते. मलाही भरून येतं. पण त्याच वेळी मनात दुसरंही काही येतं, ते आज जरा स्पष्टच लिहितो. पटलं नाही तर तसं सांगा.

माझं म्हणणं थोडक्यात असं. गरीब घरातल्या मुलाचे वडील किंवा आई गेली, की आपण मदत करतो, पण ती भलत्याच ठिकाणी. आपण मुलाला घरातून उचलून कुठेतरी "सोय" करायला बघतो. त्याला हवं असतं ते आहे ते घर टिकणं.

आधी त्या वारांबद्दल. आमच्या आजीकडे मंगळवार आणि शुक्रवार असे दोन वार होते. सात घरांनी एकेक दिवस वाटून घ्यायचा, म्हणजे कुणावरच ओझं नाही आणि पोराचा आठवडा भरला. शिवाय हे एका दिवसाचं अन्नदान नव्हतं. मॅट्रिक होईपर्यंत चार-पाच वर्षं तोच मुलगा, तोच वार. या व्यवस्थेची खरी ताकद तिथे होती. पण तिचे दोषही सांगायला हवेत. वार मिळायचा तो बहुतेक आपल्याच जातीच्या मुलाला. मुलीला वार लावून शिकवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आणि जो जेवायला यायचा त्याला काय वाटायचं, हे आपण सोयीने विसरतो. आमच्या शुक्रवारचे एक गृहस्थ पुष्कळ वर्षांनी एका लग्नात भेटले. म्हणाले, आजींच्या हाताची आमटी अजून आठवते, आणि ओट्यावर बसून आतून हाक कधी येते याची वाट बघणंही आठवतं. दोन्ही एकाच श्वासात म्हणाले.

त्या काळातही शहाण्या माणसांना वाराच्या मर्यादा कळल्या होत्या. महर्षी कर्व्यांनी 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रमाचं काम सुरू केलं ते मुलींसाठी. पुण्यात 1909 मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघालं. आपल्या सयाजीरावांनी 1906 मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, म्हणजे निदान शाळेसाठी तरी कुणाच्या दारात उभं राहायला नको.

आणि एक उदाहरण तर आपल्या सगळ्यांना शाळेपासून माहीत आहे, पण त्याचा अर्थ आपण नीट घेत नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे वडील 1879 मध्ये वारले, तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. थोरले भाऊ गोविंदराव शिक्षण सोडून पंधरा रुपयांच्या नोकरीला लागले आणि त्यातले आठ रुपये दर महिन्याला धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. दर महिन्याला, न चुकता, नात्यातल्या माणसाकडून. गोखले पुढे किती मोठे झाले ते सोडा. वडील गेल्यावरही घर तुटलं नाही, हे महत्त्वाचं.

आता आजचं सांगतो. चार वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत पोळ्या करायला येणाऱ्या बेनचे यजमान गेले. रंगकाम करायचे. मूळचे धुळे जिल्ह्यातले, म्हणजे मराठीच. पण मंडळी, खरं सांगायचं तर आपण त्यांना "मराठी समाज" म्हणून कधी मोजत नाही. आपल्या गणेशोत्सवात ते मांडव रंगवायला येतात, आरतीला नाही. तर तीन मुलं. मुलगी बारा वर्षांची, मुलगा नऊचा, धाकटी चारची. बाई चार घरच्या पोळ्या करून महिन्याला साडेसात हजार मिळवत होत्या, त्यातले तीन हजार खोलीचं भाडं.

दहाव्या-बाराव्याच्या आतच हितचिंतकांनी तोडगा काढला. मुलाला दीडशे किलोमीटरवरच्या एका वसतिगृहात टाकायचं, "तिथे जेवणखाण फुकट, शिस्तही लागेल." धाकटीला गावी आजीकडे. आणि मोठीला एका ओळखीच्या कुटुंबात ठेवायचं, "घरच्यासारखी राहील, वरकाम करील." सांगणारी माणसं वाईट नव्हती. त्यांना खरंच मदत करायची होती. पण बघा, बाप जाऊन पंधरा दिवस झाले नव्हते आणि तीन भावंडं तीन गावांना जाणार होती. बाप नशिबाने गेला होता. आई, भाऊ, बहीण, शाळा आणि गल्ली मात्र आपण सल्ला देऊन काढून घेत होतो. शिवाय चौदा वर्षांखालच्या मुलीला घरकामाला ठेवणं हा गुन्हा आहे, त्याला कितीही "घरच्यासारखी" म्हटलं तरी.

बाईंनाच विचारलं, तुम्हाला काय हवं? तोवर आम्ही सगळ्यांनी जुने कपडे गोळा करून ठेवले होते. त्या म्हणाल्या, "कपडे भरपूर आहेत काका. भाडं तेवढं बघा. आणि संध्याकाळी पोरांजवळ कुणी असेल तर मला आणखी घरं करता येतील."

यातच सगळं आलं. अडचण जेवणाची नव्हतीच. पोळ्या करणारीच्या घरात पोळी असते. अडचण होती भाड्याची, आणि दुपारी चारपासून रात्री आठपर्यंतच्या चार तासांची. वसतिगृह जे देणार होतं, ते तिला नकोच होतं.

मग आम्ही सहा घरांनी दर महिन्याला पाचशे-पाचशे रुपये द्यायचं ठरवलं. थेट तिच्या बँक खात्यात, पाच तारखेच्या आत, म्हणजे मागायला यायला नको. दोन नंबरच्या बंगल्यातल्या निवृत्त काकूंनी संध्याकाळी मुलांना आपल्याकडे बसवायचं कबूल केलं. शिकवणी वगैरे मोठं नाव नको. गृहपाठ, चार गोष्टी आणि दार उघडं. माझ्याकडे कागदपत्रं आली.

या कागदपत्रांबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण सुशिक्षित शेजारी सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो इथे. मृत्यूच्या दाखल्यावर यजमानांच्या नावापुढे "भाई" लागलेलं, आधारवर नाही. मुलांच्या शाळेत तिसरंच. गुजरातेत राहणाऱ्या प्रत्येक मराठी घराला हा घोळ माहीत आहे. आपण हसून सोडून देतो, पण त्या बाईचा अर्ज त्यावर अडतो. सगळी नावं एकसारखी करून घेणं, आवकचा दाखला, शाळेचा दाखला, मुलांची बँक खाती, यात चार महिने गेले. रोजंदारीवर जगणाऱ्या बाईला इतके खेटे परवडत नाहीत. एक दिवस गेला की एका घरचे पैसे कापले जातात. आम्हा पेन्शनरांना मात्र वेळच वेळ.

योजना आहेत, हे आधी समजून घ्या. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये "प्रायोजकत्व" म्हणून महिन्याला 4,000 रुपये प्रत्येक मुलामागे मिळू शकतात. विधवा किंवा टाकलेल्या आईची मुलं त्यात बसतात, नातेवाइकांकडे राहणारी अनाथ मुलंही बसतात. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात 72,000 आणि शहरात 96,000 रुपये. गुजरात सरकारची पालक माता-पिता योजना आहे. आईवडील दोघेही गेलेत, किंवा वडील गेले आणि आईने दुसरं लग्न केलं, अशा मुलाला सांभाळणाऱ्या नातेवाइकाला महिन्याला 3,000 रुपये. विधवेसाठी गंगास्वरूपा योजनेचे महिन्याला 1,250 रुपये आहेत. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. इतर राज्यांतल्या मंडळींनी आपापल्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात चौकशी करावी.

आता या मर्यादेतली गोम बघा. शहरात वर्षाला 96,000 म्हणजे महिन्याला आठ हजार. आमच्या बाईंचे साडेसात होते म्हणून त्या बसल्या. मुलांसाठी तिने आणखी दोन घरं धरली असती तर त्या बाहेर! म्हणजे जी आई जास्त कष्ट करील तिला मदत कमी. ही मर्यादा वाढायला हवी, असं माझं स्वच्छ मत आहे. आपल्यातले जे नगरसेवक-आमदारांच्या उठबशीत असतात त्यांनी सत्काराच्या वेळी हेही कानावर घालावं.

दुसरी फट त्याहून मोठी आहे. आई गेली आणि बाप उरला, तर ते घर अधिक लवकर मोडतं. बाप सकाळी कामाला जातो, रात्री येतो. विधवेविषयी समाजाला निदान कणव असते. विधुर मजुराच्या पोरांचं काय होतं ते कुणी विचारत नाही. ती अनाथ नाहीत, म्हणून अनाथाच्या योजनेत नाहीत. विधवेची नाहीत, म्हणून तिथेही नाहीत. आपल्याकडे म्हण आहे, माय मरो पण मावशी जगो. मला वाटतं, बालकल्याणाचं सगळं शास्त्र त्या एका म्हणीत आहे. मूल परक्या इमारतीत जाण्याआधी मावशी, आजी, काका, थोरली चुलत बहीण शोधा, आणि त्या मावशीच्या संसाराला हातभार लावा. नुसतं "तू सांभाळ" म्हणून हात झटकू नका. तिलाही तीन पोरं आहेत.

आपला कायदाही हेच सांगतो. 2015 च्या बाल न्याय कायद्यात तत्त्वच आहे की मुलाची जबाबदारी मुळात कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणं हा अखेरचा उपाय. गरिबी एवढ्याच कारणाने मूल आईपासून तोडायचं नसतं.

यावर मला तीन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला, पैसे दिले तर दारूत जातील. काही घरांत जातील, खरं आहे. तिथे शाळेची फी शाळेत भरा, भाडं घरमालकाला द्या. पण एका बेवड्यामुळे दहा मावश्यांवर संशय नको. दुसरा, आश्रमात चांगलं शिक्षण मिळतं. काही ठिकाणी मिळतंही. ज्याला खरंच कुणी नाही, किंवा ज्या मुलीला घरातच धोका आहे, तिच्यासाठी चांगली संस्था हवीच आणि तिथे काम करणाऱ्यांना माझा नमस्कार. पण आई जिवंत असलेलं मूल भाड्यापायी तिथे जाऊ नये. तिसरा, एवढं करायला कुणाला वेळ आहे? मंडळी, वाढदिवसाला आश्रमात केक कापायला, फोटो काढायला आणि ते इथे टाकायला आपल्याला वेळ असतो. त्या मुलांना वर्षातून चाळीस अनोळखी वाढदिवस साजरे करावे लागतात, टाळ्या वाजवाव्या लागतात. त्यांचे चेहरे असे जाहीर करणं कायद्याच्याही विरुद्ध आहे. तोच खर्च बाराने भागून एका घराला दर महिन्याला द्या.

आणखी एक महत्त्वाचं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, 2021 मध्ये, "आईवडील गेले, बाळ दत्तक द्यायचं आहे" असे निरोप फोनवर फिरत होते. अजूनही अधूनमधून येतात. असं परस्पर मूल देणं-घेणं हा गुन्हा आहे, आणि त्यातून मुलांची विक्रीही होते. असा निरोप पुढे ढकलू नका. 1098 ला फोन करा, बाल कल्याण समितीला कळू द्या.

आमच्या बाईंच्या घरी चमत्कार वगैरे काही झालेला नाही. मोठी आता अकरावीत आहे. मुलगा गणितात दर वर्षी गटांगळ्या खातो. धाकटी काकूंच्या घरी इतकी रुळली आहे की त्यांच्या फ्रीजमधलं काय संपलं ते तिला आधी कळतं. मध्यंतरी सहा घरांतलं एक घर बदली होऊन गेलं, तेव्हा दोन महिने ओढाताण झाली, मग सातवं घर मिळालं. सरकारी मंजुरी आली तेव्हा आमचा हप्ता निम्मा केला, पण बंद केला नाही. मुख्य म्हणजे तिघं एका खोलीत झोपतात आणि भांडतात.

तेव्हा वाराच्या आठवणी जरूर लिहा. पण लिहून झालं की आपल्याकडे येणाऱ्या बाईला, वॉचमनला, इस्त्रीवाल्याला एकदा विचारा, घरी मुलांकडे कोण बघतं? सात घरं मिळाली तर उत्तम, तीन मिळाली तरी पुरे. जात विचारू नका, मुलगी असेल तर आधी घ्या, आणि तिला आपल्या ओट्यावर ताटकळत बसवू नका. कागद कसे करायचे याची मदत हवी असेल तर मला निरोप टाका. बडोद्यात असाल तर मी स्वतः बरोबर येतो.