टॅबवर काढलं म्हणून कला बाटते?

आमच्या बुवापाड्याच्या नावातच पाडा आहे. पण पाड्यावरची वारली पोरगी टॅबवर आजीचा चेहरा रंगवते, मागे तारपा नाच काढते, तेव्हा आपणच नाक मुरडतो: "हे खरं वारली नाही. गेरूची भिंत, तांदळाचं पीठ पाहिजे."

का हो? लग्नाचा चौक भिंतीवर बायका काढायच्या. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर, कापडावर नेली. २०११ साली पद्मश्री मिळाली. तेव्हा बाटली का? २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी ठेकेदाराचा पेंटर भिंतीवर त्रिकोणी माणसं उमटवून बिल काढतो, ते चालतं!

साधन बदलल्याने कला बाटत नाही. ज्यांची आहे त्यांनाच वगळून विकली, की बाटते. पोरीला नियम शिकवू नका. कामाचे पैसे द्या, चित्राखाली तिचं नाव टाका.